डाव्या खिडकीतलं शेत

लातूरहून नांदेडला मुलीकडं जाताना बसमध्ये मी कितीतरी महिने उजव्या बाजूलाच बसायचो. उजवीकडं जागा नसली तर उभा राहायचो, पण डावीकडं बसायचो नाही. चाकूर मागं पडलं की थोड्या वेळानं डाव्या हाताला, अगदी सडकेला लागून, आमचं शेत लागतं. त्या शेतात विहिरीच्या अलीकडं माझी बायको बसलेली आहे. बसलेली म्हणजे खरंच बसलेली. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, बेल आणि विभूतीत बसवतात आणि मग माती लोटतात. तिनं फार आधी सांगून ठेवलं होतं, मला गर्दीत नको, शेतात बसवा. त्याप्रमाणं केलं. परत येताना मी बसच्या दुसऱ्या बाजूला बसायचो, कारण तेव्हा शेत उजवीकडं यायचं. कंडक्टर ओळखीचे झाले होते, पण कुणी कधी विचारलं नाही.

शेत कागदावर माझं, पण खरं तिचंच. मी कापडवाला. लातुरात पुढं दुकान, मागं घर. कापड हातात आलं की सूत किती आणि पॉलिस्टर किती हे मी डोळे झाकून सांगतो, पण तुरीच्या आणि उडदाच्या कोवळ्या रोपातला फरक मला आजही कळत नाही. ती शेतकऱ्याघरची. आठवड्याला एकदा बसनं चाकूरला जायची, तिथून ऑटोनं शेतात, बायांना कामाला लावायची आणि संध्याकाळी चपलांना माती घेऊन घरी. कधी मी सोबत गेलो तर ती माझी आणि पिकाची ओळख करून द्यायची. "ही तूर. हे आमचे मालक." खुरपणाऱ्या बाया हातातलं काम सोडून हसायच्या. मला राग यायचा, पण तो चाकूरला चहा पिईपर्यंतच टिकायचा.

ती माघात गेली. सकाळी चहा ठेवला, "साखर संपली, आणा" असं आतून ओरडून सांगितलं, आणि मी पायात चप्पल सरकवतोय तोवर ओट्यापाशी खाली बसली. हृदयाचा झटका. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. सुतक असतं तर निदान घरात बसायला एक कारण मिळालं असतं. मी दुकान उघडलं. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. घट्ट कसला! गिऱ्हाईकानं ब्लाउजपीस मागितलं की मी पँटचं कापड पुढं टाकायचो. कापडाला मीटर लावताना मधेच आकडा विसरायचो. घास तर खाली उतरायचाच नाही. थोडं खाल्लं की मी हात धुवून मोकळा व्हायचो. शर्ट अंगावर लोंबायला लागले. कापड विकणाऱ्याच्या अंगात ढगळा शर्ट म्हणजे धंद्याची बदनामी, पण त्याचंही मला काही वाटेना.

मुलगी नांदेडला दिलेली आहे, तिथं शाळेत शिकवते. दिवाळीच्या आधी केव्हातरी ती आली, ताटात उरलेली भाकर बघितली. त्यात मी बोलून गेलो की आता राहून तरी काय करायचंय. ती घाबरली. घाबरली की ती रागावते.

"आप्पा, नांदेडला एक समुपदेशक बाई आहेत. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय."

"मला याड लागलंय का?"

"याड लागलं असतं तर बरं झालं असतं. निदान हात धरून नेता आलं असतं."

ही बोलण्याची तऱ्हा तिच्या आईची. मी जातो म्हणालो. समुपदेशक लातुरातही आहेत, पण लातुरात मी त्यांच्या पायऱ्या चढलो असतो तर खाली उतरेपर्यंत गंजगोलाईच्या साऱ्या बाजारपेठेला कळलं असतं. नांदेडला मला कोण ओळखतंय?

बाई कसली, पोरगीच. माझ्या मुलीपेक्षा लहान. मला "काका" म्हणाली, पाणी दिलं आणि "बोला" म्हणून वही-पेन न घेता शांत बसली. आता दुकानदाराला कुणी "बोला" म्हणून बसलं की त्याची पंचाईत होते. बोलायचं गिऱ्हाईकानं, ऐकायचं आपण, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी विचारलं, "गाव कंचं तुमचं?" कंधार म्हणाली. कंधारात कुठं, वडील काय करतात, आईचं माहेर कुठलं, असं करत करत तासाभरात मी इथवर पोचलो की तिची मावशी उदगीरला दिलेली आहे आणि त्या मावशीचे दीर माझ्या साडूचे व्याही आहेत. म्हणजे आम्ही पाहुणेच निघालो. मी खूश.

ती घड्याळाकडं बघून हसली. "काका, आजचा तास तुम्ही घेतला. पुढचा मी घेणार."

पुढचे तास तिनं घेतले. सगळेच काही चांगले झाले नाहीत. एकदा ती म्हणाली, "काकू तुमच्या आठवणीत आहेतच ना." मी तडकलो. "आठवणीत चहा करून मिळतो का?" तिला राग येईल असं वाटलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. हे वाक्य मी पुन्हा नाही म्हणणार." नाहीच म्हणाली. तेव्हापासून मी तिच्याशी जरा सरळ वागायला लागलो. बसमध्ये कुठल्या बाजूला बसतो ते तिला मीच सांगितलं, तिनं न विचारता.

मला खरं खुपत होतं ते वेगळंच. बायको गेल्यापासून जो येईल तो तिची आरती ओवाळत होता. साक्षात लक्ष्मी गेली, अन्नपूर्णा गेली, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. बैठकीत तिचा मोठा करून आणलेला फोटो लावला होता. त्यात ती इतकी शांत दिसायची की मला ओळखूच यायची नाही. मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायला लागलो होतो. फोटोतल्या बाईबद्दल चांगलंचुंगलं बोलायचो आणि आत काही हलायचं नाही.

अशात शेताचा विषय निघाला. शेजारचं शेत माझ्या चुलतभावाचं, बांधाला बांध. तो दुकानात आला, गादीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "आण्णा, तुमच्यानं आता होत न्हाई. शेत मला द्या. भायेरच्याला नगा देऊ. वैनीच्या समाधीला मी रोज पाणी घालीन."

माणूस भला आहे, बोलला तेही खरंच होतं. ती गेल्यापासून पेरणी त्यानंच करून घेतली होती. मी म्हणालो, "येळवस झाली की बोलू." आमच्यात असं म्हटलं म्हणजे अर्धा होकार धरतात. तो चहा पिऊन गेला. शेत द्यायचं म्हणजे तिला दुसऱ्याच्या जागेत सोडून यायचं, हे मला कळत होतं. पण ज्या शेताकडं बसमधूनही बघवत नाही ते ठेवून तरी काय करायचं, असाही हिशेब होता. मुलगी म्हणाली, "आप्पा, निदान एकदा येळवस तिथं करू. मग काय ते ठरवा."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लांबच्या माणसाला ही गोष्ट सांगून पटत नाही. त्या दिवशी अख्खं लातूर बंद असतं आणि सगळी माणसं रानात असतात. रब्बीच्या उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप बांधायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडून पूजा करायची, आणि मग जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. सडकेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे हिरवे दाणे, पालेभाज्या, गाजरं, असेल नसेल ते सगळं बेसन आणि चिंचेत शिजवलेलं. त्या दिवशी शेतात न जेवलेला माणूस आमच्याकडं सापडणार नाही. प्रश्न एवढाच होता, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून माझ्या गळ्याखाली घास उतरेल का?

येळवसच्या आधी नांदेडला गेलो तेव्हा बाईंनी माझ्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली.

"काका, काकू इथं बसल्यात असं समजा. त्यांना काय सांगायचंय ते सांगा."

मी खुर्चीकडं बघत बसलो. एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर खुर्ची टाकून एकदाही बसली नव्हती. ती आत ओट्यापाशी, मी पुढं गल्ल्यावर, मधे गठ्ठे ठेवायची अंधारी खोली. आमचं सगळं बोलणं त्या खोलीवरून व्हायचं, ओरडून. पोरीचं लग्न आम्ही असंच ठरवलं. गिऱ्हाइकं ऐकायची, मधेच सल्लेही द्यायची. समोरासमोर आलो की दोघांनाही काही सुचायचं नाही.

"मॅडम, अशी न्हाई बोलायची ती," मी म्हणालो. "खुर्ची आत न्यावी लागंल."

"आत म्हणजे?"

"भिंतीपल्याड."

तिनं जरा विचार केला. मग स्वतः खुर्ची उचलून शेजारच्या चहा करायच्या खोलीत ठेवली आणि दार अर्धं लोटलं. मी खिडकीकडं तोंड केलं, कारण दुकानात माझं तोंड रस्त्याकडं असायचं. आणि ओरडलो, "ऐकलं का?"

मग थांबलो. ती सवयच होती. "ऐकलं का" म्हटलं की आतून "हूं" यायचं, आणि त्यानंतरच पुढचं बोलायचं. नाहीतर सगळं परत सांगावं लागायचं. मी थांबून राहिलो. आतून काही आलं नाही. माझ्या हातानं मी तिच्यावर माती लोटली होती, पण ती आता उत्तर देणार नाही हे मला त्या दिवशी, नांदेडच्या त्या खोलीत कळलं. इतकं वाईट मला माघातही वाटलं नव्हतं.

तरी मी सुरू केलं. "तू लक्ष्मी होतीस आमच्या घरची..."

"काका," बाई हळूच म्हणाली, "काकूंशी असंच बोलायचात तुम्ही?"

"न्हाई."

"मग कसं?"

मी पुन्हा खिडकीकडं वळलो आणि माझ्या तोंडून निघालं, "तुला किती येळा सांगितलं, भज्जीत एवढी चिंच कोंबू नको म्हणून!"

मग मला थांबवता येईना. दर येळवसला आमचं यावरून भांडण. तिची भज्जी इतकी आंबट व्हायची की दात आंबायचे, उंडा चावायची सोय राहायची नाही. मी सांगायचो, ती म्हणायची, "तुमाला कापड कळतं, चव न्हाई कळत." आणि पुढच्या वर्षी चिंच आणखी वाढायची, हे मी शपथेवर सांगतो, मुद्दाम. हे सगळं मी ओरडून त्या खोलीला ऐकवलं. साखर संपली हे चहा ठेवायच्या आधी का नाही सांगितलं, हेही विचारलं. एकटंच निघून जायचं होतं तर मला तूर तरी नीट ओळखायला शिकवायची होतीस, असंही म्हणालो. आणि मग रडलो. मोठ्यानं, लाज न बाळगता. बाईंनी कागदी रुमाल पुढं केला. मी खांद्यावरचा पंचा काढला. कापडाच्या धंद्यात जन्म गेला, कागदानं नाक पुसणं काही मला जमणार नव्हतं.

बाहेर पडताना अंग दुखत होतं, पण बरं वाटत होतं. भूक लागली होती. दारातून वळून मी म्हणालो, "मॅडम, येळवसला या आमच्या शेतात."

"मला नाही येता यायचं काका. आमच्या कामात तसा नियम असतो."

"येळवसचं बोलावणं कुणी नाकारत न्हाई."

"मग तुम्ही जाऊन या आणि काय काय जेवलात ते मला येऊन सांगा."

जिन्यावर माझ्या लक्षात आलं की शेतात जायचं मी ठरवून टाकलेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी उजवीकडं बसलो, म्हणजे शेताच्या बाजूला. हरभरा हिरवागार होता. विहीर दिसली, तिच्या अलीकडं चुना दिलेला लहानसा ओटा दिसला, आणि तेवढ्यात बस पुढं गेली. शेजारचा माणूस मोबाइल बघत होता. मी त्याला म्हणालो, "हे आमचं शेत." तो "चांगलंय" म्हणाला.

येळवसला मुलगी आणि जावई आदल्या दिवशीच आले. भज्जी मुलीनं केली. चुलतभावाच्या बायकोला फोनवर विचारून विचारून, चमच्यानं मापून. आंबिलीचं मडकं घोंगडी गुंडाळून घरच्या मालकानं डोक्यावर न्यायचं असतं. सडकेवरून कोपीपर्यंत मीच नेलं. मान अवघडली, पण मडकं हललं नाही. समाधीपुढं जाऊन हात जोडून उभं राहणं काही मला जमलं नाही. कोपीच्या तोंडाशी मडकं उतरवलं आणि तिथूनच आवाज दिला, "आलो बग." या वेळी उत्तरासाठी थांबलो नाही.

पूजा झाली, पंगत बसली. भाऊ, भावजय, लेक-जावई, आणि सडकेवरून भावानं हाक मारून आणलेली मोटारसायकलवरची दोन माणसं. सगळे हळू आवाजात बोलत होते. भावजयीनं पदर डोळ्याला लावला. "वैनींच्या हातची भज्जी म्हंजे अमृत हुतं," ती म्हणाली. माझ्या ताटात भज्जी पडली आणि सगळे न बघितल्यासारखं करून माझ्याकडं बघायला लागले.

मी पहिला घास घेतला. भज्जी उत्तम झाली होती. मीठ बरोबर, चिंच जेवढ्यास तेवढी. आमच्या शेतात एवढी चांगली भज्जी आजवर झाली नव्हती. ती नाही हे त्या घासानं मला पुन्हा एकदा सांगितलं, आणि घास खाली उतरला.

"चांगली झालीय," मी म्हणालो. "लई चांगली. हिच्या आईला जन्मात जमली न्हाई."

मुलीच्या हातातली पळी तशीच राहिली. मोटारसायकलवाल्यांनी माना खाली घातल्या. भावानं घोटभर आंबील पिऊन घेतली.

"आण्णा, सणाचं खरं बोलू का? मी दर साली वैनींची भज्जी गुपचूप बैलाला घालायचो. बैल बी मान फिरवायचा."

भावजयीनं पदर डोळ्यावरून तोंडावर नेला. ती हसत होती. "माजे तर दात आंबून भाकर चावत नव्हती," ती म्हणाली. जावई म्हणाला, लग्नानंतरच्या पहिल्या येळवसला सासूबाईंनी आग्रहानं तीनदा वाढलं आणि सासुरवाडी आहे म्हणून त्यानं तीनदा खाल्लं, वर "छान" म्हणाला, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला डबाभर बांधून दिली. मुलगी हसता हसता रडायला लागली. मीही. माझ्या तर पोटात दुखायला लागलं. वर्षभर सगळ्यांनी मिळून हार घालून भिंतीवर लावलेली बाई गेली आणि माझी बायको परत आली, हट्टी, आंबट हाताची, कुणाचं न ऐकणारी. मला फार बरं वाटलं. मी पुन्हा वाढून घेतलं, आणि नंतर खीर घेतली.

ऊन उतरल्यावर शेताला फेरी घालायची असते, पिकावर आंबील शिंपडत. "ओलगे ओलगे, सालम पोलगे" असं ओरडायचं. ही कानडी आरोळी, तिचा अर्थ मला ठाऊक नाही, पण जोरात ओरडतो. विहिरीच्या अलीकडं आलो तेव्हा ओंजळभर आंबील तिच्या ओट्याभोवती शिंपडली. बांधावर भाऊ उभा होता.

"आण्णा, येळवस झाली की बोलू म्हणला हुता."

"व्हय."

"मंग?"

"न्हाई द्यायचं."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. "पर तुमाला तर शेतातलं काई कळत न्हाई."

"तुला कळतंय की. तू बटईनं कर, निम्मं तुजं, निम्मं माजं. मी आठवड्याला यीन आन् तुज्या कामात लुडबुड करीन."

"आन् पुढं कवा द्यायची येळ आली तर?"

"पुढं मी हितंच बसणार हाय, हिच्या शेजारी," मी जागा दाखवली. "तवा पोरीला इचार."

"आप्पा!" मागून मुलगी ओरडली. "सणाच्या दिवशी काय बोलताय?"

भावानं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "आज ज्या परमानं जेवलात आण्णा, मला लई वाट बगावी लागंल असं दिसतंय."

"बग की," मी म्हणालो. "मला काई घाई न्हाई."